डोळ्याची जागा

भाचीनं ड्रॉइंगची वही माझ्यासमोर टाकली आणि म्हणाली, "मावशी, सगळं नियमानं केलंय. तरी हा खोका असा का दिसतोय?" मी चष्मा पुसून नीट पाहिलं. खरंच सगळं नियमानं होतं. आडव्या धरलेल्या कागदावर वरच्या बाजूला क्षितिजरेषा, म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्याची पातळी, तिच्या दोन्ही टोकांना गिरवून गिरवून काळेकुट्ट केलेले दोन व्हॅनिशिंग पॉइंट, म्हणजे मागे जाणाऱ्या रेषा जिथे मिळतात ते बिंदू, मधोमध एक उभी कडा, आणि त्या कडेच्या दोन्ही टोकांपासून त्या बिंदूंकडे फूटपट्टीनं ओढलेल्या रेषा. एकही रेघ आपला बिंदू चुकली नव्हती. उभ्या कडा खरोखर उभ्या होत्या. आणि तरीही कागदावर जे होतं त्याला खोका म्हणवत नव्हतं. पुढचा खालचा कोपरा जहाजाच्या नाळेसारखा अंगावर येत होता, दोन्ही बाजू मागे पळत सुटल्या होत्या, वरचं झाकण दोन्हीकडून ताणलं गेलं होतं. "छान काढलायस गं," मी म्हटलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की ते वाक्य मी मुकाट्यानं परत घेतलं.

या प्रश्नाला एक तयार उत्तर आहे. बिंदू फार जवळ घेतलेस, लांब ने. चित्रकला शिकवणारं कुणीही हे सांगेल, आणि पुढच्या मिनिटाला मीही तेच सांगितलं. बिंदू लांब नेले की खोका शहाण्यासारखा वागतो, हे खरंच आहे. पण माझं समाधान होईना. नियमात कुठेही 'बिंदू इतके लांब हवेत' असं म्हटलेलं नाही. एकमेकींना समांतर असलेल्या कडा कागदावर एका बिंदूकडे जातात, आणि त्या कडा जमिनीला समांतर असतील तर तो बिंदू क्षितिजरेषेवर पडतो, एवढंच. ते तिनं पाळलं होतं. मग बरोबर पद्धतीनं काढलेलं चित्र चुकलेलं दिसतं तेव्हा लबाडी कुणाची, पद्धतीची की आपल्या डोळ्यांची? भाची खेळायला निघून गेली. वही माझ्याकडेच राहिली, आणि खोका डोक्यात.

आमच्या चित्रकलेच्या वर्गात पांढऱ्या रंगाचे लाकडी घनाकार असत. घन, इष्टिकाचिती, वृत्तचिती, शंकू, षट्कोनी लोलक, आणि एक गोल, जो टेबलावर ठेवला की हमखास घरंगळायचा म्हणून त्याच्या बुडाशी खडूचा तुकडा अडकवलेला असे. वर्षानुवर्षं हाताळून घनाचे कोपरे बोथट झाले होते. रंगाचे पोपडे उडाले होते, आणि नाकाजवळ नेला तर त्याला ऑइलपेंट नि धूळ यांचा मिळून एक कडवट वास येई. सर तो घन वर्गाच्या मधोमध स्टुलावर ठेवत आणि आम्ही भोवती अर्धगोलात बसत असू. हात ताठ, पेन्सिल उभी, एक डोळा बंद, अंगठा सरकवून माप घ्यायचं. कोपर वाकलं की माप गेलं. वर्गभर पोरं एक डोळा मिटून हात पुढे करून बसलेली, हे दृश्य बाहेरून जाणाऱ्याला काय वाटत असेल देव जाणे. मला मात्र त्या शांततेचं आकर्षण होतं. गणिताच्या तासाला शेजारणीच्या वहीत डोकावता यायचं, इथे डोकावून उपयोग नव्हता. तिच्या जागेवरून दिसणारा घन आणि माझ्या जागेवरून दिसणारा घन वेगळा. तिला डावी बाजू रुंद दिसे, मला चिंचोळी. एखाद्यानं शेजाऱ्याचं बघून काढलंच, तर सर बाकांमधून फिरताना कागद बघत, मग स्टुलाकडे बघत, मग म्हणत, "हा घन इथून दिसत नाही. तो तिथून दिसतो." आणि ज्याचं पाहून काढलं त्याच्याकडे बरोब्बर बोट दाखवत. तेव्हा ही जादू वाटायची. आता कळतं की त्यात जादू काही नाही, कागदावर प्रत्येकाच्या बसण्याची जागा उमटलेलीच असते.

घनापेक्षा छळलं ते वृत्तचितीनं. सरळ कडा असल्या की फूटपट्टीचा तरी आधार. वृत्तचितीला दोन उभ्या रेघा सोडल्या तर धरायला काहीच नाही. वरचं तोंड वर्तुळ आहे हे माहीत असतं, पण दिसतं ते लंबवर्तुळ, आणि पहिल्यांदा काढणारा प्रत्येक जण त्या लंबवर्तुळाला दोन्ही बाजूंना टोकं काढतो. टोकं नसतात. कितीही चपटं झालं तरी लंबवर्तुळ कडेला वळतंच, चटकन वळतं, पण वळतं. त्याहून मजेशीर तळाची गोष्ट. वृत्तचिती टेबलावर ठेवलेली, टेबल सपाट, म्हणून हात तळाची रेघ सपाट ओढतो. वास्तविक दोन्ही वर्तुळं डोळ्याच्या पातळीखाली असतील तर खालचं वरच्यापेक्षा जास्त उघडं, जास्त गोल दिसायला हवं, कारण त्याच्याकडे आपण जास्त उभ्या कोनातून बघतो. हाताला हे पटत नाही. 'सपाट' हे ज्ञान हातात इतकं मुरलेलं असतं की डोळा ओरडून सांगत असताना हात ऐकत नाही. आणि आणखी एक खोच आहे, जी मला फार उशिरा समजली. वर्तुळाचा मध्य आणि ते जसं दिसतं त्या लंबवर्तुळाचा मध्य एक नसतात. वर्तुळाचा जवळचा अर्धा भाग मोठा दिसतो आणि लांबचा लहान, त्यामुळे खरा मध्य लंबवर्तुळाच्या मध्यापेक्षा थोडा मागे सरकतो. तो शोधायचा तर वर्तुळाभोवती चौरस काढून, तो चौरस पर्स्पेक्टिव्हमध्ये, म्हणजे लांबचं लहान दाखवणाऱ्या याच रीतीत, बसवून, त्याचे कर्ण काढायचे. कर्ण मात्र कधी फसवत नाहीत. सरळ रेषा सरळच दिसते आणि दोन रेषांचा छेद छेदच राहतो. बाकी लांब्या, कोन, समांतरपणा सगळं जातं. काय उरतं आणि काय जातं, याच एका प्रश्नातून पुढे प्रक्षेपी भूमितीसारखी गणिताची एक अख्खी शाखा उभी राहिली.

तर भाचीचा खोका. एका सुट्टीच्या दुपारी मी तिची वही, कंपास आणि पट्टी घेऊन बसले. समजा अर्ध्या मीटरचा खोका आहे आणि त्याची पुढची कडा डोळ्यापासून एक मीटरवर आहे. मग मागची दीड मीटरवर. वस्तू जितक्या पट लांब तितक्या पट लहान दिसते, म्हणजे मागची कडा पुढचीच्या दोन तृतीयांश. तोच खोका पाच मीटरवर ठेवा. आता मागची कडा साडेपाच मीटरवर, आणि दोघींत जेमतेम नऊ टक्क्यांचा फरक. खोका तोच. कडा किती वेगानं लहान होत जातात, यातून बघणारा किती जवळ उभा आहे ते कळतं. भाचीच्या चित्रातल्या कडा इतक्या वेगानं पळत होत्या की बघणारा खोक्याला जवळजवळ चिकटलेला असला पाहिजे. किती चिकटलेला, हे काढता येतं का?

येतं, आणि त्याला शाळेतलं एकच प्रमेय पुरतं.

व्हॅनिशिंग पॉइंट म्हणजे खरं तर डोळ्यातून निघालेली एक दिशा. डोळ्यापासून खोक्याच्या डाव्या बाजूच्या कडांना समांतर रेषा काढली की ती कागदाला जिथे टेकते तो डावा बिंदू. उजव्या कडांना समांतर काढली की उजवा. खोक्याचा कोपरा काटकोनी आहे, म्हणून डोळ्यापाशी या दोन दिशांमधला कोनही काटकोनच. आणि दोन ठरलेल्या बिंदूंकडे काटकोन करून पाहणारा बिंदू अर्धवर्तुळावर असतो, हे आपण सगळ्यांनी घोकलेलं आहे. दोन बिंदूंमधलं अंतर हा त्या अर्धवर्तुळाचा व्यास. म्हणजे डोळा कागदापासून जास्तीत जास्त त्रिज्येइतका लांब असू शकतो, त्याहून तसूभरही नाही. भाचीच्या कागदावर दोन बिंदूंमधलं अंतर २८ सें.मी. भरलं. अर्धं केलं, १४. तिचा खोका १४ सें.मी.वरून बघण्यासाठी काढलेला होता, आणि आम्ही दोघी तो हातभर अंतरावरून बघत होतो. नेहमीसारखं ४० सें.मी.वर धरून बघायचं असेल तर दोन बिंदू निदान ८० सें.मी. लांब हवेत, म्हणजे दोन्ही वहीच्या बाहेर, टेबलावर. सरावाच्या पानांवर दोन्ही बिंदू कागदाच्या आतच दिलेले असतात, सोय म्हणून. त्या सोयीची किंमत कुणी सांगत नाही.

भाची पुढच्या वेळी आली तेव्हा तिला बसवलं. एक डोळा मीट. दुसरा या दोन बिंदूंच्या बरोबर मधोमध, क्षितिजरेषेसमोर आण. आता जवळ ये. अजून. अजून. डोकं हलवायचं नाही, नुसती नजर खाली. "एवढ्या जवळून कोण बघतं?" ती कुरकुरली, आणि मग एकदम गप्प झाली. "अगं, सरळ झाला!" मग मीही पाहिलं. माझा चष्म्याचा नंबर उणे ७. चष्मा काढला की माझं स्पष्ट जग नाकापुढे साधारण १४ सें.मी.वर संपतं, आणि जन्मात पहिल्यांदा मला त्या नंबरचा उपयोग झाला. लहान मुलांच्या डोळ्यातलं भिंग लवचीक, त्यामुळे तिलाही ते जमलं. चाळिशी उलटलेल्या चांगल्या नजरेच्या माणसाला मात्र हा खोका कधीच नीट दिसणार नाही; इतक्या जवळचं त्याला धूसर दिसतं. तो अंगावर येणारा टोकदार कोपरा, कोनमापकानं मोजला तर काटकोनाहून अरुंद असलेला, त्या एका जागेवरून निमूटपणे काटकोनी झाला होता. नाळ मागे हटली, झाकण सपाट झालं. डोकं दोन बोटं मागे घेतलं की पुन्हा ताणाताण सुरू.

पद्धत खोटं बोलत नव्हती, आणि डोळेही नाही.

मग मला फिलिप्पो ब्रुनेलेस्की या इटालियन वास्तुविशारदाचा तो जुना प्रयोग नव्यानं कळला. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यानं फ्लॉरेन्समधल्या बाप्तिस्मागृहाचं छोटं चित्र एका फळीवर काढलं. ते चित्र आता अस्तित्वात नाही. अंतोनिओ मानेत्ती या त्याच्या चरित्रकारानं केलेलं वर्णन तेवढं उरलंय. फळीला एक भोक होतं, चित्राच्या बाजूला मसुरीच्या दाण्याएवढं आणि मागच्या बाजूला रुंदावत गेलेलं. बघणाऱ्यानं फळी उलटी धरायची, मागून भोकाला डोळा लावायचा, दुसऱ्या हातात आरसा धरायचा आणि चित्राचं प्रतिबिंब त्यात पाहायचं. आकाश त्यानं रंगवलंच नव्हतं. तिथे चकाकती चांदी लावली होती, म्हणजे खरे ढग तिच्यात उमटून सरकताना दिसत. ही गोष्ट पूर्वी वाचली तेव्हा मला चांदीचं कौतुक वाटलं होतं. आता भोकाचं वाटतं. पर्स्पेक्टिव्हनं काढलेलं म्हणून जे पहिलं चित्र सांगितलं जातं, त्यात चित्रकारानं सगळ्यात आधी बघणाऱ्याचा डोळा एका जागी बांधून टाकला होता. याची गरज त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. त्यानंतर लिओन बात्तिस्ता आल्बेर्तीनं १४३५ मध्ये ही रीत ग्रंथात मांडली, ती हातोहाती पसरली, आणि नियम सगळीकडे गेले तरी ते भोक मागे राहिलं.

आल्ब्रेख्त ड्यूररच्या १५२५ च्या पुस्तकात एक लाकूडठसा आहे. दोन माणसं टेबलावर ठेवलेल्या ल्यूट नावाच्या तंतुवाद्याचं चित्र काढताहेत, म्हणजे काढताहेत असं म्हणायचं, त्यातला कुणीही चित्रासारखं काही बघत नाही. भिंतीत मोठ्या नेढ्याची सुई ठोकली आहे. तिच्यातून दोरा ओवला आहे, एका टोकाला वजन, दुसरं टोक एक जण ल्यूटवरच्या एकेका बिंदूला टेकवतोय. दोरा मधल्या चौकटीतून जिथून जातो ती जागा दुसरा माणूस टिपतो, मग चौकटीला बिजागरीनं लावलेला कागद लावून घेऊन तिथे टिंब देतो. टिंबाटिंबांनी ल्यूट तयार होतं. पोट फुगलेलं, मान मागे मोडलेली, लंबवर्तुळांनाही रडवेल असा तो आकार. या चित्रातला डोळा कुठे आहे? भिंतीत. लोखंडाचा. तो थकत नाही, पापणी लववत नाही, मान वळवत नाही. मला हे चित्र आवडतं आणि त्याची थोडी भीतीही वाटते. वर्गात एक डोळा मिटून हात ताठ करून बसलेलो आम्ही तरी दुसरं काय करत होतो? त्या सुईची नक्कलच.

मात्र एक शंका राहतेच. प्रत्येक चित्राला एकच बरोबर जागा असेल, तर बाकी सगळ्या जागांवरून सगळीच चित्रं वाकडी दिसायला हवीत. तसं होत नाही. लिओनार्दोच्या 'लास्ट सपर'मध्ये सगळ्या रेषा ख्रिस्ताच्या उजव्या कानशिलाशी मिळतात, तिथे दोऱ्यासाठी ठोकलेल्या खिळ्याचं भोकसुद्धा सापडलं आहे. पण गणितानं ते भित्तिचित्र बघण्याची जागा येते जमिनीपासून साधारण साडेचार मीटर उंचीवर. तिथे कुणी उभं राहू शकत नाही, आणि खालून बघणाऱ्या कुणाची तक्रारही नाही. मॉरिस पिरेन या दृष्टिशास्त्रज्ञानं १९७० मध्ये याचं एक उत्तर मांडलं. आपल्याला चित्रातली खोली दिसते तसा चित्राचा पृष्ठभागही दिसत असतो, आणि मन त्या पृष्ठभागाचा हिशेब धरून चूक सावरून घेतं. पृष्ठभाग दिसेनासा झाला की सावरणं थांबतं. त्याचा पुरावा रोममधल्या सांत इग्नात्सिओ चर्चच्या छतावर आहे. आंद्रेआ पोत्सोनं सतराव्या शतकाच्या अखेरीस त्या छतावर आकाशात चढत जाणारे खांब आणि कमानी रंगवल्या, आणि त्या नीट कुठून दिसतात ती जागा खाली जमिनीवर संगमरवरी चकतीनं दाखवलेली आहे. छत उंच, वळणदार; रंग कुठे संपतो आणि बांधकाम कुठे सुरू होतं ते खालून उमगत नाही. चकतीवर उभे असाल तोवर सगळं ठीक, चकती सोडली की खांब कलंडू लागतात.

भाचीच्या खोक्याचं असं कशानं झालं? कागद तर स्पष्ट दिसत होता. मला वाटतं, सावरण्यालाही मर्यादा असते. नजरेचा कोन फार रुंद असला, ९० अंशांच्या आसपास, की ताण मनाच्या आवाक्याबाहेर जातो. चित्रकारांना हे अनुभवानं कळलेलं होतं आणि त्यांनी सरळ लबाडी केली. राफाएलच्या 'स्कूल ऑफ अथेन्स'मध्ये उजव्या कडेला दोघांच्या हातात दोन गोल आहेत. काटेकोर पर्स्पेक्टिव्हनं कडेचा गोल लंबवर्तुळ व्हायला हवा. मागचं सगळं बांधकाम नियमानं काढणाऱ्या राफाएलनं ते दोन गोल मात्र सरळ वर्तुळं काढून टाकलीत. गोल आहे ना, मग गोल दिसू दे. हा निर्णय मला त्या अख्ख्या भिंतीतला सगळ्यात धीट निर्णय वाटतो. कॅमेऱ्याला अशी बुद्धी सुचत नाही. ग्रुप फोटोत कडेला उभं राहणाऱ्याचं डोकं बाजूला ओढल्यासारखं का येतं, त्याचं कारण हेच. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा कोन इतका रुंद असतो की १५ सें.मी. रुंद फोटो नीट बघायचा तर डोळा साधारण १० सें.मी.वर न्यावा लागेल. म्हणून आमच्याकडे ग्रुप फोटोच्या वेळी मी हल्ली मधोमध घुसते. कारण कुणाला सांगत नाही.

या सगळ्या जाचातून सुटण्याची एक वाट आहे, डोळाच काढून टाकायचा. केंब्रिजच्या विल्यम फॅरिशनं १८२२ मध्ये आयसोमेट्रिक चित्रणाची रीत मांडली. तीन दिशांच्या कडा कागदावर एकमेकींशी १२० अंश करतात, समांतर कडा समांतर राहतात, आणि घनाच्या बाराही कडा सारख्या लांबीच्या निघतात. यंत्राच्या कारागिराला चित्रावर पट्टी ठेवून माप घेता येतं. मागची बाजू लहान का, असं विचारणाऱ्या प्रत्येक मुलाला हे चित्र न्याय देतं. बघणारा जणू अनंत अंतरावर गेलेला असतो. पण गंमत बघा, डोळा काढला की पुढचं कुठलं नि मागचं कुठलं हेच कळेनासं होतं. लुई आल्बेर नेकर हा स्विस स्फटिकशास्त्रज्ञ स्फटिकांच्या अशाच आकृत्या बघत असताना त्याला त्या अचानक उलटताना दिसल्या. जो कोपरा पुढे होता तो मागे गेला, आणि आकृतीत तर काहीच बदललं नव्हतं. १८३२ मध्ये त्यानं हे लिहून प्रसिद्ध केलं. फोनवर बोलताना वहीच्या समासात आपण दोन चौकोन कोपऱ्यांनी जोडून जो घन काढतो, तो हाच. टक लावून बघा, उलटतो. पुन्हा बघा, परत येतो.

आपल्याकडच्या विष्णुधर्मोत्तर या जुन्या संस्कृत ग्रंथाच्या चित्रसूत्रात क्षयवृद्धीचा विचार आहे, म्हणजे शरीर वळलं की कोणता भाग घटलेला दिसतो, कोणता वाढलेला. समोरून, बाजूनं, पाठीमागून अशी देहाची नऊ स्थानं त्यात सांगितली आहेत. तिथे वळतो तो देह. बघणाऱ्याला कुणी एका जागी खिळवत नाही. पूर्वी मला पर्स्पेक्टिव्ह शिकलेल्यांसारखाच माज होता की खरं चित्र तेच, बाकीच्यांना जमलं नाही. आता तसं म्हणवत नाही, आणि 'सगळ्या पद्धती सारख्याच' असंही म्हणवत नाही. दोन बिंदूंकडे रेषा नेऊन पांढऱ्या कागदात अचानक खोली उघडते तेव्हाचा आनंद मला दुसऱ्या कुठल्याच रीतीत मिळालेला नाही. फक्त त्या आनंदाबरोबर मान अवघडते, एवढं खरं.

डोळ्याची जागा उलटी शोधून काढण्याचा हा नाद गणितज्ञांनाही होता. ज्याच्या नावाच्या श्रेणीनं पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांना घाम फोडला त्या ब्रूक टेलरनं १७१५ मध्ये पर्स्पेक्टिव्हवर एक बारीकसं पुस्तक लिहिलं आणि त्यात या उलट्या प्रश्नाचा विचार केला. १७५९ मध्ये योहान हाइनरिश लाम्बेर्टनंही केला. मी त्यांच्या मानानं पट्टी-कंपासवाली. पण सवय लागली आहे. कुठल्याही छापील चित्रात पेटी दिसली, फरशीचे चौकोन दिसले की मी पट्टी घेते. समोरून काढलेल्या चौरस फरशीचा कर्ण क्षितिजरेषेपर्यंत वाढवला की तिथून मधल्या बिंदूपर्यंतचं अंतर म्हणजेच डोळ्याचं कागदापासूनचं अंतर, हे कळल्यावर तर मोहच आवरत नाही. क्षितिजरेषा खाली असेल तर काढणारा जमिनीवर बसला होता. फार वर असेल तर कुठेतरी चढला होता, निदान मनानं.

परवा कपाटाच्या तळाशी माझा शाळेतला एक कागद सापडला. कडा पिवळ्या पडलेल्या, खोडरबरानं घासून मधला भाग लव आल्यासारखा झालेला. स्टुलावरचा पांढरा घन, हातानं काढलेला, फूटपट्टी न लावता. तो मी जमिनीवर चिकटवला, चहूबाजूंनी वर्तमानपत्रं जोडली आणि प्रत्येक कडेवरून लांब दोरा ताणून बघू लागले. आता आपल्या बाकाची जागा निघणार म्हणून जीव अगदी उतावीळ. निघाली नाही. वरच्या कडा एका उंचीवर मिळतात, खालच्या त्याच्या बऱ्याच खाली. बहुधा वरच्या काढताना मी ताठ बसले असेन आणि खालच्या काढताना बाकावर रेलले असेन. सुईचा डोळा नव्हता, चुळबुळणारी मुलगी होती. सेझान या फ्रेंच चित्रकाराच्या स्थिरचित्रांत टेबलाची कड कापडाच्या मागे शिरते आणि दुसऱ्या बाजूनं निघते तेव्हा जुळत नाही. त्याच्यावर लोक ग्रंथ लिहितात, माझ्यावर कोण लिहिणार. बाकी सगळ्या कडांची अशी काहीतरी संगती लागते. एका कडेची मात्र लागत नाही. डावीकडची, वरची. ती माझ्या कुठल्याच बसण्याशी जुळत नाही, मी कितीही वाकले-उठले असेन तरी. ती कडा अशी दिसायची तर दोन हात डावीकडे बसायला हवं, आणि तिथे माझी मैत्रीण बसायची.